कूलंटच्या तेलकट पाण्यावर वीज देणाऱ्या जिवाणूंचा सेल : मडक्यातली चाचणी कशी उभारावी

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या लहान मशीन शॉपमधून तेलकट पाणी दोन प्रकारे निघतं. एक, सीएनसी मशीनच्या संपमधला, म्हणजे खालच्या टाकीतला, खराब झालेला सोल्युबल ऑइल कूलंट (पाण्यात तेल मिसळून केलेलं, कापताना गार ठेवणारं द्रावण). दुसरं, जॉब धुण्याच्या वॉशिंग मशीनचं आणि फरशी पुसल्याचं पाणी. सूक्ष्मजीव इंधन घट, म्हणजे सेंद्रिय पदार्थ खाताना इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देणाऱ्या जिवाणूंचा सेल, फक्त दुसऱ्या प्रकारासाठी आहे. संपमधल्या कूलंटची सीओडी, म्हणजे त्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे काही दहा हजार मिलीग्रॅम असते. त्यात बुरशी-जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं बायोसाइडही असतं. ते थेट सेलमध्ये ओतलं की सेल मेलाच.

विजेचा हिशेब आधीच करून टाकू, म्हणजे भलत्या अपेक्षा राहणार नाहीत. १ ग्रॅम सीओडीत सिद्धांताने सुमारे १२,००० कूलोम, म्हणजे ३.३५ अँपिअर-तास विद्युतभार असतो. त्यातला १० टक्के तारेतून आला आणि सेलचा व्होल्टेज ०.३ राहिला, तर हातात येते ०.१ वॉट-तास. १,००० लिटर पाण्यातून ८०० ग्रॅम सीओडी काढली तर ८० वॉट-तास. ९ वॉटचा एलईडी बल्ब नऊएक तास चालेल. तेलकट पाण्यात १० टक्केही सहसा मिळत नाहीत. वीजबिलासाठी हा उद्योग करू नये. तो करायचा तो दोन कारणांसाठी: आपलं पाणी जिवाणूंना पचतं का, हे कळावं, आणि पुढे ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, कुणी नको ते ओतलं तर काही तासांत समजावं.

सामान

मडकं : कुंभाराकडून उभट, नळकांडीसारखं, झिलई न केलेलं घ्या. आतला व्यास १५ सेंमी, उंची ३० सेंमी, भिंत ५ ते ८ मिमी. २८ सेंमीपर्यंत भरलं की ५ लिटर बसतं. पाणी गार ठेवणाऱ्या माठाच्या मातीत लीद किंवा राख मिसळतात, ती नको; अशी भिंत फार सच्छिद्र होते आणि बाहेरचा ऑक्सिजन आत येतो. भट्टीत चढवण्याआधीच सांगून ठेवा. मडकं आलं की पाण्याने भरून एक रात्र मुरू द्या, पुन्हा काठोकाठ भरा आणि २४ तास ठेवा. बाहेरची भिंत ओलसर व्हावी, पातळी सेंटिमीटरभर उतरावी. बोटभराहून जास्त उतरली तर ते मडकं झाडाला द्या.

इलेक्ट्रोड : ५-६ मिमी जाडीचं कार्बन फेल्ट. आतल्या अ‍ॅनोडसाठी ४१ × २५ सेंमी, बाहेरच्या कॅथोडसाठी ५२ × २५ सेंमी. आतल्याला जिवाणू इलेक्ट्रॉन देतात, बाहेरच्यावर ते ऑक्सिजनला मिळतात. नवं फेल्ट पाणी झटकून टाकतं, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तासभर भिजवा आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. हे टाळलं तर फेल्टच्या पोटात हवा अडकून राहते आणि निम्मा पृष्ठभाग कोरडाच राहतो.

तार : टायटॅनियमची १ मिमी, नाहीतर एसएस ३१६ ची. फेल्टमध्ये टाके घातल्यासारखी उभी-आडवी ओवा आणि टोक पाण्याबाहेर काढा. मल्टिमीटरचं एक टोक तारेवर, दुसरं फेल्टच्या लांबच्या कोपऱ्यावर ठेवा. १० ओहमच्या आत यायला हवं. तांब्याची तार, मगरचिमटा, झिंकचा मुलामा असलेला स्क्रू यांपैकी काहीही पाण्याला लागता कामा नये. तांबं जिवाणूंना मारतं, आणि धातू गंजतानाही व्होल्टेज दाखवतो. व्हिडिओंत चिखलातून १ व्होल्टच्या वर काढून दाखवतात ती बहुधा गंजाची वीज असते. खरा सेल मोकळ्या तारेला ०.६ ते ०.८ व्होल्ट देतो. मीटरने १ व्होल्ट ओलांडला तर आनंद न मानता धातू कुठे भिजतोय ते शोधा.

बाकी : २० लिटरची बादली, फिशटँकचा हवापंप व दगड, १० ओहमपासून १० किलोओहमपर्यंतचे रेझिस्टर, मल्टिमीटर, पीएच मीटर, कंडक्टिव्हिटी मीटर. नोंदी आपोआप हव्या असतील तर आर्डुइनो चालतो. पण त्याच्या १० बिटच्या इनपुटला ५ व्होल्टच्या संदर्भावर एक पायरी जवळपास ५ मिलीव्होल्टची पडते. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ निवडा, पायरी १ मिलीव्होल्टवर येते.

जोडणी

अ‍ॅनोडचं फेल्ट मडक्याच्या आत गोल बसवा, पण भिंतीला चिकटवू नका. पीव्हीसीच्या चार उभ्या पट्ट्या मध्ये घालून सेंटिमीटरभर अंतर ठेवा. चिकटवलं तर भिंतीतून झिरपणारा ऑक्सिजन थेट जिवाणूंवर येतो. फार लांब ठेवलं तर पाण्याचा विद्युतरोध वाढतो. कॅथोडचं फेल्ट बाहेरून घट्ट गुंडाळा आणि नायलॉनच्या दोरीने बांधा. वर अ‍ॅक्रिलिकचं झाकण सिलिकॉनने बसवा. त्यातून दोन नळ्या काढा: एक पाणी भरण्या-काढण्याची, दुसरी वायू बाहेर जाण्याची. दुसरीचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा.

मडकं बादलीत ठेवा. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्यापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली राहू द्या. उलट झालं तर ऑक्सिजनने भरलेलं पाणी आत झिरपतं. बादलीतल्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम खायचा सोडा आणि १ ग्रॅम मीठ घाला. हवापंप ३ ते ५ वॉट खातो आणि सेल देतो मिलीवॉट, हे विसंगत दिसेल. पण चाचणीला ते चालतं. मोठ्या रचनेत एका बाजूने हवेला उघडा असलेला कॅथोड वापरतात तो याचसाठी.

असाच दुसरा सेल शेजारी बांधा. त्यातही तेच विरजण (जिवाणूंचा गाळ) आणि तेच पाणी, पण तारा जोडायच्या नाहीत. सीओडी किती उतरली याची तुलना याच्याशी होणार आहे. हा जोडीदार नसेल तर निष्कर्ष काढू नका.

पाणी आधी तयार करा

खरी मेहनत इथे आहे आणि बहुतेक सेल इथल्या आळसानेच मरतात.

वॉशिंगचं पाणी आधी तीन कप्प्यांच्या ऑइल ट्रॅपमधून जाऊ द्या आणि वर तरंगणारं सुटं तेल, म्हणजे ट्रॅम्प ऑइल, स्किमरने काढा. हे तेल वापरलेलं तेल म्हणून अधिकृत रिसायकलरकडेच जातं. उरलेलं दुधाळ पाणी म्हणजे इमल्शन, पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब. ते कितीही दिवस ठेवलं तरी फुटत नाही, फोडावं लागतं.

इमल्शन फोडायला तुरटी हाताशी असते, पण या कामाला ती चुकीची. तुरटीच्या वजनाचा ४० टक्क्यांहून थोडा जास्त भाग सल्फेट असतो. लिटरला १ ग्रॅम तुरटी घातली की पाण्यात ४०० मिलीग्रॅमच्या आसपास सल्फेट येतं. ते खाणारे जिवाणू प्रत्येक ग्रॅम सल्फेटमागे ०.६७ ग्रॅम सीओडी वापरतात. म्हणजे लिटरमागची २७० मिलीग्रॅम सीओडी तारेत न येता सडक्या अंड्याच्या वासात जाते. सल्फ्युरिक आम्लाने पीएच २-३ पर्यंत उतरवून इमल्शन फोडण्याचंही तसंच. त्याऐवजी पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे ईटीपीवाले ज्याला पीएसी म्हणतात ते, वापरा.

जार टेस्ट अशी करा. १०० ग्रॅम पीएसी पावडर पाण्यात विरघळवून १ लिटर द्रावण करा. याचा १ मिली १ लिटर पाण्यात घातला की १०० मिलीग्रॅमचा डोस होतो. सहा जारमध्ये एकेक लिटर पाणी घ्या. एक कोरा ठेवा, बाकीच्यांत २, ४, ६, ८, १० मिली घाला. एक मिनिट जोरात ढवळा, मग १५ मिनिटं सावकाश, मग तासभर हात लावू नका. पीएच ६.५ ते ७.५ मध्ये ठेवा. पीएसीने तो उतरतो, तेव्हा कॉस्टिक सोड्याने वर आणा. चुना नको, त्यातलं कॅल्शियम पुढे कॅथोडवर आणि मडक्याच्या छिद्रांत बसतं. मधला थर ज्या सर्वांत कमी डोसला नितळ होतो तो आपला डोस. १० मिलीलाही पाणी दुधाळच राहिलं तर वॉशिंगच्या पाण्यात संपचा कूलंट मिसळतोय असं समजा आणि आधी ती गळती बंद करा. फ्लॉक, म्हणजे गोळा झालेला गाळ, लवकर बसावा म्हणून पॉलिइलेक्ट्रोलाइट हात सैल सोडून घालू नका. उरलेलं पॉलिमर फेल्टवर चिकट थर धरतं.

आम्लानेच फोडायचं असेल तर हायड्रोक्लोरिक घ्या, पण आधी कूलंटची सुरक्षा पत्रिका वाचा. जुन्या प्रकारच्या काही कूलंटमध्ये नायट्राइट असतं आणि आम्ल पडताच विषारी तपकिरी वायू सुटतो.

सेलमध्ये जाणाऱ्या पाण्याचा अंदाज हा: तेल-ग्रीस लिटरला ५० मिलीग्रॅमच्या आत, सीओडी ५०० ते २,०००, पीएच ७ ते ७.५, कंडक्टिव्हिटी किमान १ मिलीसिमेन्स प्रति सेंमी, क्लोरिन शून्य. पीएचला आधार म्हणून लिटरला २ ग्रॅम खायचा सोडा घाला. त्याने कंडक्टिव्हिटीही वर येते. धुण्याच्या पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस पुरेसे नसतात. सीओडी, नायट्रोजन, फॉस्फरस यांचं प्रमाण २५०:५:१ धरलं तर १,००० सीओडीच्या ५ लिटरला ०.१ ग्रॅम डीएपी आणि ०.१८ ग्रॅम युरिया लागतो. एवढं साध्या काट्यावर मोजता येत नाही. दहापट घेऊन १०० मिली पाण्यात विरघळवा आणि दर भरणीला त्यातले १० मिली घाला. डीएपीचा न विरघळलेला गाळ तळाला बसू द्या आणि वरचं निवळ द्रावण घ्या.

विरजण आणि सुरुवात

जिवाणू विकत आणावे लागत नाहीत. तपोवनच्या मलनिस्सारण केंद्रासारख्या ठिकाणचा ऑक्सिजनविरहित टाकीतला काळा गाळ परवानगी काढून मिळाला तर उत्तम. नाहीतर गोबर गॅसची स्लरी. त्यात शॉपच्या मागच्या वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या गटारातला मूठभर चिखल घाला. याला आधार आहे: या क्षेत्रात सर्वांत जास्त अभ्यासलेला जिओबॅक्टर सल्फरेड्युसेन्स अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनजवळ हायड्रोकार्बनने दूषित झालेल्या चराच्या गाळातच सापडला, १९९४ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. मिथेन करणारे जिवाणू मरावेत म्हणून गाळ उकळायचा सल्ला काही जण देतात. पण जिओबॅक्टर बीजाणू करत नाही. उकळल्यावर जे उरतं त्यात तो नसतो.

१ लिटर गाळ १ मिमीच्या चाळणीतून गाळून मडक्यात घाला. वर ४ लिटर पाणी, ज्यात ५ ग्रॅम निर्जल सोडियम अ‍ॅसिटेट, १० ग्रॅम खायचा सोडा आणि वरचं खत आहे. तेल अजून नाही. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरिन जाऊ द्या. झाकण लावा, तारांमध्ये १,००० ओहमचा रेझिस्टर जोडा आणि त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा.

पहिले काही दिवस मीटर दहा-वीस मिलीव्होल्टवर रेंगाळतो. दोन ते चार आठवड्यांत तो चढतो, अ‍ॅसिटेट संपलं की उतरतो, नवं घातलं की पुन्हा चढतो. लागोपाठ तीन भरण्यांत शिखर जवळपास सारखं आलं म्हणजे फेल्टवर वस्ती बसली. पहिली भरणी सोडून पुढच्यांत गाळ घालू नका, आणि पाणी बदलताना फेल्ट हवेत कोरडं पडू देऊ नका. मग रेझिस्टर ५०० वर, पुढे २०० आणि १०० वर आणा. एकदम १०० लावला तर नवखी वस्ती कोलमडते.

यानंतर तेलकट पाणी: १० टक्के, मग २५, ५०, ७५, १००. प्रत्येक पायरीला व्होल्टेज आधीच्या शिखराच्या जवळ परत आला तरच पुढे जा. तेलाच्या लांब साखळ्या हे जिवाणू थेट गिळत नाहीत. आधी दुसरे जिवाणू त्या तोडून अ‍ॅसिटेटसारखे लहान रेणू करतात, मग हे खातात. ऑक्सिजन नसताना ही तोडणी संथ चालते, म्हणून भरणीचा काळ अ‍ॅसिटेटला दोन दिवस असेल तर इथे पाच-सहा धरा.

थंडीचं भान ठेवा. या जिवाणूंना २५ ते ३५ अंश मानवतात आणि नाशिकची डिसेंबर-जानेवारीची रात्र १० अंशांच्या खाली जाते. बादलीभोवती थर्माकोल लावा किंवा सेल कॉम्प्रेसर रूमजवळ ठेवा. शक्यतो सुरुवातच फेब्रुवारीनंतर करा.

आकडे कसे वाचायचे

१०० ओहमवर ०.३ व्होल्ट म्हणजे ३ मिलिअँपिअर आणि ०.९ मिलीवॉट. पाच दिवस सरासरी एवढा प्रवाह राहिला तर १,२९६ कूलोम. त्याच काळात ५ लिटरची सीओडी लिटरमागे ८०० मिलीग्रॅमने उतरली असेल तर सिद्धांताने ४८,००० कूलोमच्या वर यायला हवे होते. म्हणजे तारेतून आलं २.७ टक्के. बाकीचं झिरपलेल्या ऑक्सिजनने, मिथेनवाल्यांनी, सल्फेटवाल्यांनी आणि जिवाणूंच्या वाढीने खाल्लं. तेलकट पाण्यात हा आकडा लाजिरवाणा नाही.

सीओडी उतरली म्हणजे तेल पचलं असं मात्र नाही. कार्बन फेल्ट तेल शोषून घेतं. पूर्ण तेलकट पाण्याच्या पहिल्या दोन भरण्यांत ९० टक्के घट दिसली तरी हिशेबात धरू नका. फेल्ट भरलं की आकडा घसरतो आणि तिथून पुढचा खरा. बिनतारेच्या सेलमध्येही तेवढीच घट येत असेल तर इलेक्ट्रोडने काही केलेलं नाही.

तेल-ग्रीसचा नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीत घ्या, प्लास्टिकच्या भिंतीला तेल चिकटून राहतं आणि निकाल खोटा चांगला येतो. जागेवरच आम्ल घालून पीएच २ च्या खाली न्या. सीओडीच्या चाचणीत क्लोराइड लिटरला २,००० मिलीग्रॅमच्या वर असेल तर आकडा फुगतो. पीएसी आणि हायड्रोक्लोरिक वापरलंय, म्हणून प्रयोगशाळेला हे आधी सांगा.

बिघाड

व्होल्टेज काही दिवसांत हळूहळू खाली आला, तर लिटरला अर्धा ग्रॅम अ‍ॅसिटेट घाला. काही तासांत वर आला तर जिवाणू शाबूत आहेत, तेलाची तोडणी मागे पडतेय. भरणीचा काळ वाढवा. आला नाही तर फेल्टवर तेलाची साय धरली आहे. कोमट पाण्यात हलकं खळबळून पाहा, साबण नको. त्यानेही भागलं नाही तर फेल्ट बदलून नव्याने वस्ती बसवा आणि ऑइल ट्रॅपकडे परत जा.

एका रात्रीत शून्याजवळ पडला तर विष. बहुधा बायोसाइड किंवा पीएच. पाणी लगेच काढा, सोडा घातलेलं स्वच्छ पाणी आणि अ‍ॅसिटेट भरा, आठवडाभर वाट पाहा.

अ‍ॅसिटेट घालूनही शिखर ठेंगणं, पण आतलं पाणी ठीक असेल तर कॅथोड बघा. तिथे ऑक्सिजनची अभिक्रिया होताना पीएच चढतो, आणि बोअरचं जड पाणी वापरलं असेल तर पांढरा क्षार बसतो. १ टक्का हायड्रोक्लोरिकमध्ये कॅथोड तासभर ठेवून धुवा. हिरवं शेवाळ धरलं तर बादलीवर काळं कापड टाका. मडक्याच्या छिद्रांतही असाच क्षार भरतो. रेझिस्टर बदलत प्रत्येकी २० मिनिटं थांबून वॉटेज काढा. ज्या रेझिस्टरला ते सर्वाधिक, तेवढा सेलचा आतला रोध. तो महिन्यामागे वाढत गेला तर मडकं धुण्याची वेळ झाली.

जास्त व्होल्टसाठी सेल एकामागून एक जोडू नका. त्यातला एक उपाशी राहिला की बाकीचे त्याच्यातून उलटा व्होल्टेज ढकलतात आणि त्याची वस्ती जाते. समांतर जोडा.

बाहेर पडणारं पाणी

नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला केंद्राच्या पर्यावरण नियमांत तेल-ग्रीस १०, सीओडी २५०, बीओडी (जिवाणूंना घाण पचवायला लागणारा ऑक्सिजन) ३०, निलंबित घन १०० मिलीग्रॅम प्रति लिटर अशी कमाल मर्यादा आहे, आणि पीएच ५.५ ते ९. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात त्याहून कडक अट असू शकते. आपल्याला लागू तीच. चाचणीचं पाणी नंदिनीच्या नाल्यात नाही, ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत परत टाका. पीएसीचा तेलकट गाळ आणि वापरलेलं फेल्ट घातक कचऱ्यात जातं.

मोठं करायचं म्हटलं तर मडकं मोठं करून भागत नाही; अंतर वाढतं, रोध वाढतो. रोज २०० लिटर पाणी आणि पाच दिवसांचा मुक्काम धरला तर अशी २०० मडकी लागतील. एवढ्या जागेत आणि कष्टात साधी जैविक टाकी जास्त काम करते, हे स्पष्टच आहे. या मडक्याचा टिकाऊ उपयोग वेगळा. चांगला बसलेला एक सेल ईटीपीच्या समीकरण टाकीवर, म्हणजे सगळं सांडपाणी आधी एकत्र होतं त्या टाकीवर, लावा आणि पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत पाणी पुढे ढकलणाऱ्या) त्यातून दिवसाला एक-दोन लिटर पाणी फिरवा. टाकीत संपचा कूलंट ओतला गेला की सेलची नाडी जैविक टाकीच्या आधी पडते. आर्डुइनोत मर्यादा ठेवताना आजच्या दुपारची तुलना कालच्या दुपारशी आणि पहाटेची पहाटेशी करा, नाहीतर रोजच्या गारव्यानेच बझर वाजत राहील. कालच्या त्याच तासापेक्षा ४० टक्क्यांनी कमी आणि सलग तीन तास, एवढ्यावर बझर लावून सुरुवात करा.